मानसशास्त्राला प्रवेश घेतलाय? कॉलेज सुरू होण्याआधी एवढं करून ठेवा

सगळ्यात आधी एक दोनशेपानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने पाडा. पहिल्या रकान्यात वर्गात कानावर पडेल तो इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी पुस्तकातली संज्ञा, तिसऱ्यात आपल्या घरातलं किंवा गल्लीतलं उदाहरण. मी बार्शीहून पुण्याला मानसशास्त्रात बी.ए. करायला आले तेव्हा बारावीपर्यंतचं सगळं शिक्षण मराठीतून झालं होतं. पहिली सहामाही नुसत्या शब्दांशी झगडण्यात गेली. विषय नेमका कुठे अवघड आहे हे कळायला दिवाळी उजाडली. म्हणून यादीत वही पहिली.

मराठी संज्ञा ओळखीच्या वाटतात आणि तिथेच फसवतात. ‘अध्ययन’ म्हणजे परीक्षेचा अभ्यास नव्हे. अनुभवामुळे वर्तनात होणारा, टिकून राहणारा बदल. ‘प्रक्षेपण’ म्हणजे दूरदर्शनवरचं नव्हे. स्वतःच्या मनातली नकोशी भावना दुसऱ्याच्या माथी मारणं. ‘संवेदन’ म्हणजे हळवेपणाही नव्हे. डोळ्याकानांतून आलेल्या माहितीला अर्थ लावण्याची क्रिया. शिवाय पुस्तकागणिक शब्द बदलतो: एकात ‘नैराश्य’ असेल तर दुसऱ्यात ‘अवसाद’, एकात ‘बुद्ध्यंक’ तर दुसऱ्यात ‘बुद्धिगुणांक’. दोन्ही लिहून ठेवा.

तिसरा रकाना मात्र कधीच रिकामा सोडू नका. ऋण प्रबलन आणि शिक्षा यांत जवळजवळ प्रत्येकाचा गोंधळ होतो. आई सारखी ‘अभ्यासाला बस, अभ्यासाला बस’ म्हणत असते, तुम्ही पुस्तक उघडून बसलात की ती थांबते. नकोशी गोष्ट थांबली, त्यामुळे पुस्तक उघडून बसण्याचं प्रमाण वाढलं. हे ऋण प्रबलन. शिक्षेने वर्तन कमी होतं, प्रबलनाने ते वाढतं, मग प्रबलन धन असो की ऋण. हे उदाहरण मी पहिल्या वर्षी वहीत लिहिलं होतं आणि आज प्रात्यक्षिकाच्या तासाला मुलांना समजावताना तेच सांगते. उत्तरपत्रिका मराठीतून लिहायची मुभा बी.ए.ला बऱ्याच ठिकाणी असते; आपल्या विभागात पहिल्याच आठवड्यात विचारा आणि माध्यम ठरवून टाका. मधेच बदललं की दोन्हीकडचे शब्द हातून निसटतात.

कार्यालयीन कामं पटकन उरकून घ्या. डिजिलॉकरवरून बारा अंकी एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) क्रमांक काढून ठेवा, कारण नव्या शैक्षणिक धोरणानुसार तुमचे श्रेयांक त्याच खात्यात जमा होतात. मुख्य विषय पहिल्या वर्षी पक्का करायचा की दुसऱ्या, हे विद्यापीठागणिक वेगळं आहे. विभागप्रमुखांनाच विचारा, सीनियर मुलांच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका, कारण त्यांचा आराखडा जुना असू शकतो. चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्स करायचं मनात असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. म्हणजे पहिलं वर्ष ‘नंतर बघू’ म्हणून सोडता येणार नाही. जोडविषय निवडायची संधी मिळाली तर संख्याशास्त्राचा विचार जरूर करा.

संख्याशास्त्राचं नाव काढलं की अर्धा वर्ग गळाठतो. ‘गणित नको म्हणून तर कला शाखा घेतली’ हे वाक्य मी दरवर्षी ऐकते, आणि ते म्हणणाऱ्या मुलांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांना कुणी वेळेवर सांगितलेलंच नसतं. मानसशास्त्रात आकडेमोड टळत नाही. पण तिची भीती सुट्टीतच घालवता येते. घरून जी एसटी पकडता तिला किती मिनिटं उशीर होतो ते रोज लिहा. समजा पाच दिवसांचे आकडे ५, ८, १०, ७ आणि ९० असे आले. बेरीज १२०, मध्यमान म्हणजे सरासरी २४. आता ते चढत्या क्रमाने मांडा. मधला आकडा ८, हा मध्यांक. ‘गाडीला साधारण किती उशीर होतो?’ या प्रश्नाला २४ हे उत्तर त्या गाडीवर अन्याय करणारं आहे, कारण एका दिवसाच्या बिघाडाने सगळं मध्यमान ओढून नेलं. एवढं हाताला लागलं की प्रमाण विचलन आणि सहसंबंध पुस्तकातून समजतात. पुढे संगणकावर करायला जामोवी आणि जास्प ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. महागड्या पॅकेजच्या मागे लागू नका.

आता प्रात्यक्षिकाबद्दल, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण मानसशास्त्र मला खऱ्या अर्थाने भेटलं ते प्रयोगशाळेतच. तुमचा जर्नल प्रयोगागणिक एका ठरलेल्या वाटेने जातो: समस्या, अभ्युपगम (आधी मांडलेला अंदाज), चले (बदलणारे घटक), साहित्य, कार्यपद्धती, सूचना, निष्पत्ती, चर्चा. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला आपल्याकडे ‘प्रयुक्त’ म्हणतात. त्याला द्यायच्या सूचना शब्दशः लिहून, पाठ करून, घरी आरशासमोर मोठ्याने म्हणून बघा. ‘हं, कर आता’ ही सूचना नव्हे. एका प्रयुक्ताला ‘जमेल तितक्या लवकर’ म्हणालात आणि दुसऱ्याला ‘सावकाश कर’, तर वेळेतला फरक त्यांचा नाही, तुमच्या तोंडच्या शब्दांचा आहे.

सुट्टीत घरीच दोन प्रयोग करून बघण्यासारखे आहेत. पहिला स्ट्रूपचा, १९३५ सालचा. कार्डावर ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईने लिहा, ‘निळा’ पिवळ्याने, असे वीस शब्द. वाचायचं नाही, शाईचा रंग सांगायचा. मग रंगांचे नुसते ठिपके असलेलं दुसरं कार्ड द्या आणि दोन्हीला लागलेला वेळ मोजा. नुकतं वाचायला शिकणारं भावंड आणि सराईत वाचणारी ताई यांच्यात काय फरक पडतो तेही टिपा. दुसरा आरसा-रेखाटनाचा: दुहेरी रेषांची चांदणी कागदावर काढायची, पुठ्ठ्याने ती थेट दिसणार नाही अशी झाकायची आणि समोरच्या आरशात बघून दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. पहिल्या खेपेला हात कोपऱ्यावर अडून राहतो, इतका की प्रयुक्त चिडतो. आठव्या-दहाव्या खेपेपर्यंत चुका घटतात. खेपेगणिक वेळ आणि चुका लिहून आलेख काढलात, तर अध्ययनाचा वक्र तुम्हाला पुस्तकाआधी स्वतःच्या आकड्यांत दिसेल.

एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्मरणावरचे निष्कर्ष मांडले तेव्हा प्रयुक्त तो एकटाच होता आणि पाठ करायला त्याने सुमारे २३०० निरर्थक शब्दावयव तयार केले होते. मराठीत असे शब्द बनवून बघा. ‘घेझ’, ‘ठुब’ असं काहीतरी जमतं, पण लवकरच लक्षात येतं की आपल्या भाषेत दोन अक्षरं शेजारी आली की त्यांना कुठल्या तरी गावात अर्थ असतोच. मी ‘टेंभ’ घेतला होता; माझ्या प्रयुक्ताच्या गावी तो रोजच्या बोलण्यातला शब्द निघाला आणि सगळी यादी बाद झाली.

प्रयुक्त कुणीही असो, मैत्रीण किंवा शेजारच्या काकू, आधी संमती विचारा, किती वेळ जाईल ते खरं सांगा आणि नको वाटलं तर मधेच उठता येईल हेही सांगा. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर त्याच्या आईवडिलांना विचारा. आलेले आकडे नाव न लिहिता ठेवा. ‘तुझी स्मरणशक्ती कमी आहे’ असं एका खेपेवरून कुणालाही म्हणू नका.

यातूनच मी सगळ्यात कळकळीने सांगते ती गोष्ट येते. निदान करू नका. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात आम्हाला मनोविकारांची तोंडओळख झाली आणि मला घरातल्या, वसतिगृहातल्या प्रत्येकात काहीतरी दिसायला लागलं. माझी खोलीतली मैत्रीण बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघायची. एके दिवशी दोघीजणींसमोर मी म्हणाले, ‘तुला ओसीडी आहे.’ ती काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिने माझ्यासमोर कुलूप लावणं बंद केलं. मी निघून जाईपर्यंत ती खोलीत थांबून राहायची. तिसऱ्या वर्षी मी तिची माफी मागितली. तोवर दोन वर्षं ती माझ्यापासून स्वतःला लपवत होती.

निदानासाठी काय लागतं ते नंतर नीट वाचलं. त्या विकाराच्या निकषांत पुन्हापुन्हा येणारे विचार आणि पुन्हापुन्हा कराव्याशा वाटणाऱ्या कृती यांपायी दिवसातला तासाभराहून अधिक वेळ जाणं, किंवा त्यामुळे ठळक त्रास होणं किंवा रोजच्या जगण्यात अडथळा येणं अपेक्षित असतं. शिवाय ते दुसऱ्या कशामुळे होत नाही ना, हे प्रशिक्षित माणसाने तपासावं लागतं. तीनदा ओढलेलं कुलूप हे फक्त तीनदा ओढलेलं कुलूप आहे. त्याच वहीच्या मागच्या पानांवर रोज एक निरीक्षण लिहायची सवय लावा, आणि त्यात फक्त दिसलं-ऐकलं तेच येऊ द्या. ‘तो चिडका आहे’ हे निरीक्षण नाही. ‘चहा उशिरा आला तेव्हा त्याने कप आपटला’ हे निरीक्षण आहे. महिनाभर लिहिल्यावर आपण किती गोष्टी न बघताच ठरवत होतो ते कागदावर दिसतं.

पाठ्यपुस्तक परदेशी असेल तर समासात प्रश्न लिहीत वाचा. वुंटने १८७९ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली हे पहिल्याच प्रकरणात येईल. शेजारी लिहून ठेवा की १९१६ मध्ये कोलकाता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. म्युलर-लायर भ्रमाचा, म्हणजे टोकांच्या बाणांमुळे सारख्याच लांबीच्या दोन रेघा लहानमोठ्या दिसण्याचा, प्रयोग तुम्ही कराल. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात वेगवेगळ्या समाजांतली माणसं त्या दोन रेघांना सारखीच फसत नाहीत असं दिसलं होतं. वर्तनाचे बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य, शिकलेल्या, सुखवस्तू लोकांवर झालेत, हा आक्षेप २०१० मध्ये ठळकपणे मांडला गेला. आपल्याकडे या अडचणीला कामाने उत्तर दिलेली माणसं आहेत: बिनेच्या बुद्धिमापन चाचणीचं मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर करणारे वि. वि. कामत, किंवा वेक्स्लरच्या मुलांच्या चाचणीचं भारतीय रूप नागपुरात घडवणारे डॉ. मालिन. विभागाच्या कपाटात या चाचण्यांच्या पेट्या दिसतील. त्यांचे फोटो काढून कुठेही टाकू नका. प्रश्न आधीच माहीत असलेल्या मुलावर ती चाचणी वाया जाते.

गाजलेल्या प्रयोगांबद्दलही मन थोडं सैल ठेवा. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले गेले, तेव्हा जेमतेम ३६ टक्के खेपांना संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय (निव्वळ योगायोग म्हणून सोडता न येणारा) निष्कर्ष हाती आला. हे वाचून माझा विषयावरचा विश्वास वाढला, कारण स्वतःच्या चुका मोजायचं धाडस त्याने केलं.

घरच्यांशी एक बोलणं कॉलेज सुरू व्हायच्या आतच करा. बी.ए. झालं की लगेच पाटी लावता येत नाही. मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर त्या विषयातलं पदव्युत्तर शिक्षण घेतात आणि औषधं देतात. तो रस्ता वैद्यकीय आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय असं काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्या नोंदणीकडे नेणारे अभ्यासक्रम सध्या बदलत आहेत, म्हणून दरवर्षी परिषदेच्या संकेतस्थळावर बघत राहा. शाळेतलं समुपदेशन, कंपन्यांतलं मनुष्यबळाचं काम, संशोधन, हे बहुतेक रस्ते पदव्युत्तर शिक्षणानंतर उघडतात. म्हणजे पाच वर्षांची तयारी, तेवढा खर्च आणि तेवढा धीर. आत्ता सांगितलंत तर तिसऱ्या वर्षी ‘मग आता नोकरी कधी?’ यावर भांडण होणार नाही.

आणि नातेवाईक येतील. ‘आमच्या पोराशी जरा बोल, तू तेच शिकतेस ना’ असं आत्या म्हणेल. तेव्हा ऐकून घ्या, सल्ला देऊ नका, आणि कुणाकडे पाठवायचं ते माहीत असू द्या: तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, हे सुट्टीत एकदा प्रत्यक्ष जाऊन विचारून या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फोनमध्ये साठवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तो स्वतःसाठीही साठवा. मनोविकारांचं प्रकरण वाचताना आपल्याच घरातलं काहीतरी समोर येतं आणि रात्री झोप लागत नाही, असं माझ्या वर्गात कित्येकींचं झालं. तसं झालं तर कॉलेजच्या समुपदेशन कक्षात जा आणि त्या आठवड्यात ते प्रकरण मिटून ठेवा. बाईंना सांगितलंत तर त्या समजून घेतात.

उरलेलं सामान थोडं आहे. आलेखाचे कागद, सेकंद दाखवणारं स्टॉपवॉच किंवा फोन, सहा रंगांची स्केचपेनं, एक पट्टी, एक हातात मावणारा आरसा. ग्रंथालयाचं कार्ड पहिल्याच दिवशी काढा. मराठी संदर्भपुस्तकांच्या प्रती दोन-तीनच असतात आणि जुलै संपेपर्यंत त्या बाहेर गेलेल्या असतात.