सीएचएममधली जुनी हेल्प मार्कडाऊनमध्ये कशी आणायची

जुन्या विंडोज सॉफ्टवेअरची सगळी हेल्प बऱ्याचदा एकाच सीएचएम फाईलमध्ये असते (मायक्रोसॉफ्टचा जुना हेल्प फॉरमॅट, आत एचटीएमएल पानं एकत्र बांधलेली), आणि ती मार्कडाऊनमध्ये, म्हणजे साध्या खुणांनी लिहिलेल्या मजकुरात, आणून वेबवर टाकायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो कन्व्हर्टर कुठला वापरू. खरं सांगायचं तर तो भाग सगळ्यात सोपा आहे, पानांचा मजकूर पॅनडॉक नावाचं कन्व्हर्टर भराभर बदलून देतं. वेळ खातात त्या तीन गोष्टी, अनुक्रमणिका, लिंका आणि एफ वन दाबल्यावर उघडणारं पान, म्हणून ताकद तिकडेच लावा. मी इथे एमकेडॉक्सवर, म्हणजे मार्कडाऊनची वेबसाईट बनवणाऱ्या टूलवर, जायचंय असं धरून लिहितोय, स्फिंक्ससारखं दुसरं टूल असेल तरी अडचणी साधारण ह्याच येतात.

सगळ्यात आधी मूळ प्रोजेक्ट शोधा, म्हणजे जिच्यावरून सीएचएम बनवली ती एचएचपी फाईल. ती मिळाली तर एफ वनचं निम्मं काम तिथेच झालं. नाही मिळाली तर सीएचएम उघडून फोडायची. विंडोजमध्ये एचएच नावाची कमांड असते, तिला डीकम्पाइलचा पर्याय, रिकाम्या फोल्डरचं नाव आणि फाईलचं नाव दिलं की पानं बाहेर येतात, पण मी सेव्हन झिप (फाईली उलगडायचा प्रोग्राम) वापरा म्हणेन, कारण त्यात हॅशने सुरू होणाऱ्या आतल्या फाईली पण मिळतात आणि त्या पुढे लागणार आहेत. मूळ फाईल ताडून बघायला उघडली आणि उजवीकडे पान कोरं दिसलं तर घाबरू नका, नेटवरून उतरवलेली फाईल विंडोज ब्लॉक करतं, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करा.

आता एन्कोडिंग, म्हणजे फाईलमध्ये अक्षरं कशी साठवलीत ते. जुनी पानं बहुतेक वेळा विंडोज १२५२ किंवा तसल्याच कोडपेजमध्ये असतात आणि पॅनडॉकला यूटीएफ ८ हवं असतं, त्यामुळे आधी आयकॉन्व्ह ह्या कमांडने सगळी बदलून घ्या. मग पॅनडॉकला एचटीएमएलमधून जीएफएम, म्हणजे गिटहबच्या पद्धतीचं मार्कडाऊन, करायला सांगा आणि रॉ एचटीएमएलचं एक्स्टेन्शन बंद ठेवा, नाहीतर डिव्ह, स्पॅनचा कचरा मार्कडाऊनभर पसरतो. पण ते बंद केलं की जी टेबलं मार्कडाऊनमध्ये बसत नाहीत, म्हणजे जिथे सेल एकमेकांत मिसळलेत, तिथे पॅनडॉक चौकटी कंसात कॅपिटलमध्ये नुसतं टेबल एवढंच लिहून पुढे जातं. आतला डेटा गायब! म्हणून कन्व्हर्ट झाल्याबरोबर सगळ्या फाईलींत तो शब्द शोधा आणि ती टेबलं हाताने करा, ह्याला शॉर्टकट नाही.

अनुक्रमणिका एचएचसी फाईलमध्ये असते. ती आतून साधी एचटीएमएल यादीच आहे, प्रत्येक नोंदीत एक ऑब्जेक्ट टॅग, त्यात नेम म्हणजे दिसणारं नाव आणि लोकल म्हणजे पानाचा पत्ता. पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहून त्यावरून एमकेडॉक्सचा नॅव्ह, म्हणजे पानांचा मेनू, तयार करा. एलआय टॅग बहुधा बंद केलेले नसतात, त्यामुळे पार्सर, म्हणजे यादी वाचून तिची रचना काढणारी लायब्ररी, एचटीएमएल५लिब घ्या, नाहीतर कुठलं पान कुणाच्या पोटात आहे हे चुकतं. ज्या नोंदीला लोकल नाही तो नुसता विभाग. आणि विभागालाच स्वतःचं पान असेल तर ते त्या विभागातलं पहिलं पान म्हणून टाका.

लिंकांसाठी एक गोष्ट सुरुवातीलाच करा, जुना पत्ता आणि नवा पत्ता अशी एक सीएसव्ही (साधी तक्त्याची फाईल), आणि प्रत्येक स्क्रिप्टने तीच वाचायची. सीएचएममध्ये फाईलच्या नावात कॅपिटल स्मॉल काहीही चालतं, लिनक्स सर्व्हरवर चालत नाही, म्हणून नावं सगळी स्मॉल करून टाका. उलटे स्लॅश सरळ करा. एमएस आयटीएसने सुरू होणाऱ्या लिंका दुसऱ्या सीएचएममध्ये जातात, त्यांची वेगळी यादी काढा. रिलेटेड टॉपिक्सची बटणं बऱ्याचदा अॅक्टिव्हएक्स ह्या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या तंत्रावर असतात, ती आजच्या ब्राउझरमध्ये चालणारच नाहीत, तिथे साध्या लिंका द्या. आणि पानाच्या मधे उडी मारायचे जुने अँकर, ते रॉ एचटीएमएल बंद केल्याने हरवतात, तेव्हा एमकेडॉक्समध्ये अॅट्रलिस्ट एक्स्टेन्शन चालू करून हेडिंगला तीच जुनी आयडी द्या. मग एमकेडॉक्स स्ट्रिक्ट मोडमध्ये बिल्ड करा, म्हणजे इशारा आला की बिल्ड थांबतं, आवृत्ती १.६ पासून तो अँकर पण तपासतो पण व्हॅलिडेशन सेटिंगमध्ये त्याची पातळी वॉर्न करावी लागते, मुळात तो नुसती माहिती देऊन पुढे जातो.

आता एफ वन, जे लोक हमखास विसरतात. प्रोग्राम हेल्पला पानाचं नाव पाठवत नाही, बऱ्याचदा नुसता एक नंबर पाठवतो. एचएचपीतल्या मॅप विभागात कुठल्या नावाला कुठला नंबर ते असतं आणि अलियासमध्ये त्या नावाला कुठलं पान, दोन्ही जोडले की यादी तयार. एचएचपी नसेल तर सेव्हन झिपने काढलेल्या फाईलींपैकी हॅश आयव्हीबी उघडा, पहिल्या चार बाइटमध्ये लांबी, नंतर आठ आठ बाइटच्या नोंदी, चार बाइट नंबर आणि चार बाइट हॅश स्ट्रिंग्ज फाईलमधली जागा, तिथे पानाचं नाव सापडतं. हे सगळं त्याच सीएसव्हीला जोडा आणि सर्व्हरवर प्रत्येक नंबरला रीडायरेक्ट ठेवा, म्हणजे तो पत्ता आपोआप बरोबर पानावर नेईल, प्रोग्राममध्ये सीएचएमऐवजी नंबरचा वेब पत्ता उघडायचा बदल एकदाच करायचा, पानं नंतर कितीही हलवली तरी प्रोग्रामला हात लावावा लागत नाही.

इंटरनेट नसलेल्या मशीनवर पण हेल्प लागणार असेल तर एमकेडॉक्समधली यूज डिरेक्टरी यूआरएल्स ही सेटिंग बंद करा, नाहीतर डिस्कवरून उघडल्यावर लिंका पानाऐवजी फोल्डर उघडतात. एमकेडॉक्सचा साधा सर्चही तसा उघडल्यावर चालत नाही, त्याची सोय वेगळी करावी लागते.

तपासताना प्रोग्राममधला प्रत्येक डायलॉग उघडून एफ वन दाबून बघा, आणि सगळे नंबर बरोबर पानावर जाईपर्यंत इन्स्टॉलरमधून जुनी सीएचएम काढू नका.