कॉक्लियर इम्प्लांटनंतर घरच्या घरी ऐकण्याचा सराव

कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे कानाच्या आत शस्त्रक्रियेने बसवलेला भाग आणि बाहेर कानावर लावायचे यंत्र, आवाज नुसता मोठा करत नाही. ते आवाजाचे विद्युत संकेत करून थेट श्रवणमज्जातंतूला देते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू झाल्यावर ज्येष्ठांना घरच्यांचे बोलणे बहुधा यांत्रिक, चिरके वाटते. त्यामुळे निराश होऊन यंत्र काढून ठेवणे ही सर्वांत मोठी चूक होय, कारण हे संकेत ओळखायला मेंदूला अनेक महिन्यांचा सराव लागतो. रोज अर्धा तास, टीव्ही बंद ठेवून, घरातील एकाने वर्तमानपत्रातील बातमी सावकाश वाचावी. ज्येष्ठांनी ती आधी मजकुरावर बोट ठेवून आणि नंतर वाचणाऱ्याच्या ओठांकडे न पाहता ऐकावी. माझ्या मते आरंभ आपल्या वऱ्हाडी बोलीतील कापूस, तूर, नातवंडांची नावे अशा शब्दांपासून करावा, कारण ओळखीचा शब्द अर्धवट ऐकू आला तरी मेंदू तो पुरा करतो. ओरडून बोलू नये. मॅपिंगसाठी, म्हणजे यंत्राचे संकेत ऐकणाऱ्याला जुळतील असे तज्ज्ञाकडून बसवून घेण्यासाठी, शहरात जाताना चुकणाऱ्या शब्दांची वही सोबत न्यावी. विदर्भातील उन्हाळ्यात घामाची ओल यंत्राला बाधते, तेव्हा रात्री ते पुसून ओल शोषणाऱ्या डबीत ठेवावे.