त्वचेची स्लाइड वाचताना फेलो जिथे चुकतात

डर्मटोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे मायक्रोस्कोपखाली त्वचेचे आजार ओळखण्याच्या, फेलोशिपला दोन प्रकारचे डॉक्टर येतात. एमडी स्किन केलेल्यांनी रुग्ण ढिगाने पाहिलेले असतात, पण मायक्रोस्कोपवर हात बसलेला नसतो. एमडी पॅथॉलॉजीवाल्यांना पेशी ओळखता येतात, पण त्या पेशी ज्याच्या अंगावरच्या आहेत तो माणूस त्यांनी पाहिलेला नसतो. एक चूक मात्र दोघेही करतात: स्लाइड ठेवली की थेट ४०एक्सची, म्हणजे खूप मोठं दाखवणारी, लेन्स लावतात.

दाहाच्या आजारांत एकेक पेशी फार काही सांगत नाही. पेशी कुठे जमल्या आहेत ते महत्त्वाचं, आणि ते ४एक्सच्या, कमी मोठं दाखवणाऱ्या लेन्सवरच दिसतं. एपिडर्मिसला (त्वचेच्या वरच्या थराला) चिकटून लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा पट्टा आणि खालची कड करवतीच्या दात्यांसारखी, तर लायकेन प्लॅनस या खाजऱ्या पुरळाचा विचार करा. त्याच पट्ट्यात इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) असतील आणि वरच्या थरात पॅराकेराटोसिस (केराटिनच्या पेशींत केंद्रक तसंच राहणं) असेल, तर रिपोर्ट लिहिण्याआधी फोन उचला आणि रुग्णाला कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारा. औषधाच्या पुरळाचं निदान पुष्कळदा त्या फोनवरच होतं.

बायोप्सीच्या तुकड्यासोबत रुग्णाच्या माहितीचा जो फॉर्म येतो, त्याबाबत माझा आग्रह असा: आधी फॉर्म न वाचता स्लाइड पाहा, मनात दोन-तीन शक्यता धरा, मग फॉर्म वाचा आणि पुन्हा स्लाइडकडे या. फॉर्म आधी वाचला की डोळे तेवढंच शोधतात. अजिबात न वाचणं तर त्याहून वाईट. फॉर्मवर नुसतं ‘पुरळ’ लिहिलं असेल तर जागा, कालावधी, लावलेली मलमं आणि मोबाइलवरचा फोटो मागून घ्या.

‘त्वचा नॉर्मल आहे’ लिहिण्याआधी

कोणी उगाच बायोप्सी करत नाही. स्लाइड नॉर्मल वाटली की सगळ्यात वरचा केराटिनचा थर शांतपणे पाहा. तिथे न्यूट्रोफिल (दाहातल्या पांढऱ्या पेशी) दिसले तर पीएएस हा बुरशी दाखवणारा स्टेन मागवा, गजकर्णाची बुरशी हमखास तिथेच लपलेली असते. आपल्याकडे स्टेरॉइड मिसळलेली मलमं सर्रास लावली जातात आणि त्यामुळे नायट्याचं रूप पार बदलून जातं. मग पॅपिलरी डर्मिसमध्ये (एपिडर्मिसच्या लगेच खालच्या थरात) गुलाबी गोळे शोधा, कारण पाठीवरचा किंवा नडगीवरचा काळपट चट्टा मॅक्युलर अमायलॉइडोसिसचा, म्हणजे त्वचेत अमायलॉइड प्रथिन साठल्याचा, असू शकतो. पांढऱ्या डागात मेलॅनोसाइट (रंग बनवणाऱ्या पेशी) आहेत का, हेही बघायचं राहून जातं.

कुष्ठरोग

इथली चूक मला सगळ्यात जास्त खुपते. डिसेंबर २००५मध्ये देशपातळीवर प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं आणि कुष्ठरोग संपलाच, असा समज पसरला. चंद्रपूर, गडचिरोलीकडून नवे रुग्ण आजही येतात. तरीही ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींची गाठ) दिसला की ‘ग्रॅन्युलोमॅटस दाह, क्लिनिकली पडताळावा’ असं लिहून फाइल बंद होते.

ग्रॅन्युलोमाचा आकार बघा. कुष्ठरोगात तो लांबट असतो आणि नसांच्या मार्गाने, घामाच्या ग्रंथींच्या भोवतीने खोल जातो. त्वचेच्या क्षयात तो बहुधा गोलसर आणि वरच्या डर्मिसमध्ये असतो. नस सापडत नसेल तर एस-१०० हा नसेच्या पेशी दाखवणारा स्टेन करा. ग्रॅन्युलोमात तिचे तुकडे दिसतात. क्षयाच्या जंतूंसाठीच्या नेहमीच्या झील-नील्सन स्टेनमध्ये कुष्ठरोगाचे जंतू रंग नीट धरून ठेवत नाहीत, म्हणून त्याचंच सौम्य रूप असलेला फाइट-फराकोच मागवा. ट्युबरक्युलॉइड या कमी जंतूंच्या प्रकारात फाइट निगेटिव्ह येणं नेहमीचंच, तेवढ्यावरून कुष्ठरोग नाही असं कधीही लिहू नका. लेप्रोमॅटस या भरपूर जंतूंच्या प्रकारात उलट जंतूंचे पुंजके दिसतात, आणि एपिडर्मिसखाली एक मोकळी पट्टी राहते. इंडिटरमिनेट या सुरुवातीच्या प्रकारात नसेभोवती चार पेशी एवढंच काय ते असतं. त्यासाठी बायोप्सी चरबीपर्यंत खोल हवी. वरवरचा तुकडा आला तर तसं स्पष्ट लिहून दुसरा मागा, कारण निदान लांबलं तर त्या माणसाचा हात किंवा पाय बधिर होऊन बसतो.

तुकडा आणि सेक्शन

तिरप्या कापामुळे एपिडर्मिस जाड दिसते आणि बेसल पेशींची बेटं ट्यूमरसारखी वाटतात. शंका आली की डीपर सेक्शन (तुकड्याचे आणखी खोलवरचे काप) मागवा, गरज पडली तर ब्लॉक (तुकडा बसवलेली मेणाची वडी) पुन्हा एम्बेड करायला सांगा. ४ मिमीच्या पंच बायोप्सीत ऊतक लवकर संपतं, म्हणून स्पेशल स्टेनसाठी काही न रंगवलेल्या स्लाइड सुरुवातीलाच कापून ठेवा.

नडगीवरचा जुना जाड लायकेन प्लॅनस किंवा शेतात अनवाणी राबणाऱ्याच्या पायावरची मस्सेदार गाठ पाहून स्क्वामस कार्सिनोमा (त्वचेचा कॅन्सर) लिहिण्याआधी थांबा. तांबूस-तपकिरी गोल बुरशीपेशी सापडल्या तर तो क्रोमोब्लास्टोमायकोसिस आहे, आणि त्याला कॅन्सरची शस्त्रक्रिया नव्हे, बुरशीवरचे उपचार लागतात.

पेम्फिगस किंवा पेम्फिगॉइड या फोडांच्या आजारांच्या रुग्णाचा इम्युनोफ्लुरोसन्सचा (त्वचेतल्या अँटिबॉडी दाखवणाऱ्या तपासणीचा) तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आला तर तो वाया गेला. फोडाची ताजी कड फॉर्मॅलिनमध्ये आणि शेजारची न फुटलेली त्वचा मायकेल्स मीडियम या तुकडा जपणाऱ्या द्रवात, असे दोन वेगळे तुकडे लागतात. मीडियम हाताशी नसेल तर नॉर्मल सलाइन चालतं, मात्र तुकडा २४ तासांच्या आत लॅबला पोचला पाहिजे. वॉर्डातल्या रेसिडेंटला हे बायोप्सीच्या आधीच सांगून ठेवा.