भीती गेली नाही म्हणजे देव गेला असे नव्हे: विश्वासणाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

रात्री दोन-अडीचला जाग येते, छाती धडधडत असते, आणि उद्या मिळणारा तपासणीचा अहवाल, मुलाची सुटलेली नोकरी, घराचा थकलेला हप्ता असे एकामागून एक डोळ्यांपुढे येऊ लागते. ख्रिस्ती माणूस अशा वेळी उशाजवळचे पवित्र शास्त्र उघडतो, ओळखीचे वचन वाचतो, प्रार्थना करतो. आणि तरीही धडधड थांबली नाही, तर मूळ काळजीवर आणखी एक काळजी चढते, ती म्हणजे आपला विश्वासच खोटा आहे की काय ही. मंडळीतील, म्हणजे आमच्या चर्चमधील, आजारी आणि शोकात असलेल्या घरांना भेटी देताना, आणि माझ्या स्वतःच्या अशा रात्रींतही, मला असे दिसत आले आहे की पहिल्या काळजीपेक्षा ही दुसरी माणसाला अधिक खचवते. देवाच्या सान्निध्याविषयीच्या काही चुकीच्या समजुती तिच्या मुळाशी असतात. त्या समजुती सज्जन आणि प्रार्थनाशील माणसांच्याच असतात, म्हणून त्या लवकर ओळखू येत नाहीत.

सान्निध्याची पारख मनाच्या शांततेवरून करणे

बाकीच्या बहुतेक चुका या एका चुकीतून फुटतात. देव जवळ असेल तर मन शांत असलेच पाहिजे, आणि मन शांत नसेल तर देव दूर गेला, असा हिशेब आपण नकळत मांडतो. शास्त्र तो हिशेब मांडत नाही. "तू भिऊ नकोस, कारण मी तुझ्याबरोबर आहे" हे यशयाच्या ४१व्या अध्यायातील वचन पाहावे. तेथे भिऊ नये याचे कारण संकट टळले हे नसून सोबत आहे हे आहे. मोशेचेही तसेच. मिसरचा राजा फारो याच्याकडे जाणारा मी कोण, असे तो विचारतो, तेव्हा देव त्याच्या योग्यतेविषयी अवाक्षर काढत नाही, "मी तुझ्याबरोबर असेन" असे सांगतो. त्यानंतरही मोशे पुढच्या अध्यायात कारणे सांगत राहतो आणि शेवटी दुसऱ्या कोणाला तरी पाठव अशी विनवणी करतो. देव रागावतो, अहरोनाला त्याच्या जोडीला देतो, पण दिलेले वचन मागे घेत नाही.

तेविसावे स्तोत्र आपल्यापैकी अनेकांना शब्बाथशाळेपासून पाठ असते, आणि पाठ असल्यामुळेच त्यातील एक गोष्ट नजरेतून सुटते. आरंभी दावीद देवाविषयी बोलतो: तो मला हिरव्यागार कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते आणि सर्वनाम बदलते, "तो"चा "तू" होतो: "कारण तू माझ्याबरोबर आहेस." कुरणात असताना ज्याच्याविषयी बोलणे चालले होते, त्याच्याशी बोलणे सुरू झाले ते दरीत. स्तोत्रकर्ता दरी नाही असे म्हणत नाही, आणि तो अजून तिच्या पलीकडे पोहोचलेलाही नाही.

येशूला धरले ती गेथशेमाने बागेतील रात्र तर याहून स्पष्ट आहे. मार्क सांगतो की प्रभू येशू अत्यंत व्याकूळ झाला आणि माझ्या जिवाला मरणप्राय खेद झाला आहे असे शिष्यांना म्हणाला. लूकच्या वृत्तांतातील क्रम लक्षपूर्वक वाचण्याजोगा आहे. आधी स्वर्गातून देवदूत येऊन त्याला शक्ती देतो, आणि त्याच्या पुढच्याच वचनात तो अधिक आग्रहाने प्रार्थना करू लागतो व त्याचा घाम रक्ताच्या मोठ्या थेंबांसारखा जमिनीवर पडतो. म्हणजे मदत आली ती वेदना संपवण्यासाठी नव्हे, तर वेदनेत प्रार्थना करत राहण्याचे बळ देण्यासाठी. पुत्राच्या बाबतीत हे असे घडले असेल, तर आपल्या थरथरत्या हातांवरून पित्याने आपल्याला सोडले असा निष्कर्ष काढण्याचा आपल्याला काय अधिकार?

म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न बदलावा. "भीती गेली का?" असे विचारण्याऐवजी "या भीतीत मी कोणाशी बोलतो आहे?" असे विचारावे. छपन्नाव्या स्तोत्राच्या मथळ्यानुसार दाविदाला गथ येथे पलिष्ट्यांनी धरले तेव्हाचे ते स्तोत्र आहे, आणि त्यात मला भीती वाटते तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवतो असा आशय आहे. भीती वाटणार हे तेथे गृहीतच धरले आहे.

वचनाचा ताईत करणे

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात इस्राएल पलिष्ट्यांपुढे हरते आणि सुमारे ४,००० माणसे पडतात. मग वडीलजनांना युक्ती सुचते की शिलो येथून कराराचा कोश, म्हणजे देवाच्या सान्निध्याची खूण असलेली पवित्र पेटी, आणावा, म्हणजे तो आपल्याला वाचवील. कोश छावणीत येतो, भूमी दणाणेल असा जयघोष होतो, आणि त्या लढाईत ३०,००० पायदळ पडते व कोशही शत्रूच्या हाती जातो. देवाचे सान्निध्य आपल्या सोयीने उचलून हवे तेथे मांडता येते, असे त्यांनी मानले होते.

करोनाच्या काळात एक्याण्णवाव्या स्तोत्राचे असेच झालेले मी पाहिले. ते दारावर चिकटवले गेले, दहा जणांना पाठवा म्हणून मोबाइलवर फिरवले गेले, आणि ज्या विश्वासू घरांत तरीही मृत्यू झाला तेथील माणसे शोकाबरोबर अपराधी भावनाही वाहत राहिली, जणू त्यांचे पठण कुठे तरी कमी पडले होते. या स्तोत्राचा हमीपत्रासारखा उपयोग कोणी केला हे मत्तयाच्या चौथ्या अध्यायात नोंदलेले आहे: मंदिराच्या शिरोभागी उभे करून सैतानाने तेच शब्द येशूपुढे ठेवले. देवाची परीक्षा पाहू नको, हे येशूचे उत्तर होते. ते स्तोत्र अवश्य म्हणावे. ते आश्रयाला आलेल्याचे गीत आहे आणि त्याच्या शेवटाकडे देव "संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन" असे म्हणतो. ज्याने हे म्हटले त्याने संकटसमय येणारच नाही असे म्हटलेले नाही. जाता जाता आणखी एक: शास्त्रात "भिऊ नको" बरोबर ३६५ वेळा आले आहे, वर्षातील प्रत्येक दिवसासाठी एकदा, असे व्यासपीठावरून सांगितले जाते. मोजून पाहिले तर तो आकडा भरत नाही. सांत्वनासाठी त्याची गरजही नाही.

काळजी करणे आणि काळजी घेणे यांत गल्लत करणे

मराठीने या बाबतीत आपल्यावर उपकार केले आहेत. एकाच "काळजी" शब्दाला "करणे" जोडले की मन पोखरणारी गोष्ट होते आणि "घेणे" जोडले की प्रेमाची कृती होते. पेत्राच्या पहिल्या पत्रातील वचन आपल्या भाषेत म्हणूनच इतके नेमके वाटते: त्याच्यावर आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल ज्या ग्रीक क्रियापदाने कशाचीही चिंता करू नका असे सांगतो, तेच क्रियापद दुसऱ्या अध्यायात तो आपला सहकारी तीमथ्य याच्या कौतुकासाठी वापरतो, कारण तीमथ्य मंडळीची मनापासून काळजी वाहणारा आहे. स्वतः पौलही सर्व मंडळ्यांविषयीची चिंता आपल्यावर दररोज येते असे करिंथकरांना लिहितो. तेव्हा "चिंता करू नका" याचा अर्थ विम्याचा हप्ता भरू नका, तपासणी टाळा, मुलाशी बोलू नका असा होत नाही. येशूने म्हटल्याप्रमाणे आकाशातील पाखरे पेरणी करत नाहीत हे खरे, पण पहाटेपासून चारा शोधत हिंडतात हेही पाखरे पाहणाऱ्या कोणालाही माहीत आहे.

या दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदतात हे यरुशलेमच्या हिज्कीया राजाकडून शिकावे. इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरचा सन्हेरीब यहूदावर चालून आला. हिज्कीयाने तटबंदी दुरुस्त केली, बाहेरचे झरे बुजवले, आणि गीहोन झऱ्याचे पाणी शहराच्या आत आणले. त्यासाठी खडकातून खणलेला सुमारे ५३३ मीटर लांबीचा बोगदा आजही तेथे आहे आणि त्यातील पाण्यातून लोक चालत जातात. इतके करूनही शत्रूचे धमकीचे पत्र आले, तेव्हा राजा ते घेऊन परमेश्वराच्या मंदिरात गेला आणि त्याने ते परमेश्वरापुढे पसरले. बोगदा ही घेतलेली काळजी होती आणि पसरलेले पत्र ही टाकलेली चिंता. आपण बहुधा उलट करतो: खणायचा बोगदा देवावर सोपवतो आणि पत्र मात्र रात्रभर स्वतःच वाचत बसतो.

यावरून एक उपाय सुचवतो, जो मी स्वतः करत आलो आहे. जे भेडसावते आहे त्याचा कागद, मग तो रुग्णालयाचा अंदाजपत्रकी खर्च असो, बँकेची नोटीस असो किंवा स्वतः लिहिलेली चार वाक्ये असोत, टेबलावर खरोखर उलगडून ठेवावा आणि त्यावरील रक्कम, तारीख व नाव घेऊन प्रार्थना करावी. "प्रभू, सर्व काही ठीक कर" अशी मोघम प्रार्थना भीतीला धूसर ठेवते, आणि धूसर भीती मोठी दिसते. नंतर त्याच कागदावर उद्या करायचे एक काम लिहावे, एकच. "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे" या वचनात दुःख नाकारलेले नाही, त्याचे माप ठरवलेले आहे.

शरीराला वगळून केवळ आत्म्याचा विचार करणे

कर्मेल डोंगरावर विजय मिळवलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीने जीव घेऊन पळाला आणि रानात एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोप लागली. देवदूताने स्पर्श करून उठवले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे दाखवले. तो जेवून पुन्हा निजला, आणि दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातले. "तू येथे काय करतोस?" हा प्रश्न त्यानंतर, ४० दिवसांच्या वाटचालीनंतर, होरेब डोंगरावर आला. ज्याची झोप दहा दिवस झालेली नाही त्याला उपास-प्रार्थनेचा सल्ला देणाऱ्यांनी हा क्रम अवश्य पाहावा.

थायरॉइड ग्रंथी अतिक्रियाशील झाली तर धडधड, घाम, हातांची थरथर आणि अस्वस्थता येते, आणि ती रक्ततपासणीत कळते. छातीत दुखणे ही चिंता आहे की हृदयविकार, हे घरी ठरवू नये; ताबडतोब रुग्णालयात जावे. अकारण घबराटीचे झटके पुन्हा पुन्हा येत असतील, किंवा चिंतेमुळे कित्येक आठवडे कामकाज अडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवणे हा विश्वासाचा पराभव नाही. चालू औषधे विश्वासाची साक्ष देण्यासाठी अचानक बंद करणे मात्र धोक्याचे आहे. ती बदलायची तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. भारत सरकारची टेली मानस ही १४४१६ क्रमांकाची निःशुल्क सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच क्षणी हा क्रमांक लावावा आणि घरातील कोणाला तरी उठवावे.

देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही, हे तीमथ्याला लिहिलेले वचन रुग्णाला ऐकवले जाते तेव्हा मला फार वाईट वाटते. तेथे पौल प्रभूविषयी साक्ष देण्यास लाजू नको असे सांगतो आहे. तो धैर्याचा प्रश्न आहे, आजाराचे निदान नव्हे.

एकट्याने सोसणे, आणि सोबतीला जाऊन बोलत सुटणे

येशूने गेथशेमानेतील त्या रात्री तिघा शिष्यांना बरोबर नेले आणि येथे राहा व जागे राहा असे सांगितले. ते झोपी गेले. पण त्याने सोबत मागितली, हे आपण विसरतो. मंडळीत भीती बोलून दाखवली तर विश्वासात कमी ठरू, या संकोचाने अनेकजण उपासनेला नीटनेटके येतात आणि तसेच परत जातात. निदान एका माणसाला खरे सांगावे, आणि रात्री फोन केला तर चालेल का हे आधीच विचारून ठेवावे.

सोबत करणाऱ्यांची चूक संकटात सापडलेल्या ईयोबाच्या मित्रांनी दाखवून दिली आहे. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कोणी एक शब्द बोलले नाही, आणि तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते.

माझ्या वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या रात्री मंडळीतील एक वृद्ध गृहस्थ जेवणाचा डबा घेऊन आले आणि पहाटेपर्यंत बाकावर माझ्याशेजारी बसून राहिले. मी खाल्ले का, एवढेच त्यांनी दोनदा विचारले. साडेतीनच्या सुमारास, तेविसावे स्तोत्र म्हणू का, असे त्यांनी हळूच विचारले, आणि मी मान हलवल्यावर त्यांनी पहिली तीन वचने सोडून चौथ्यापासून सुरुवात केली.