आज्ज्याची नेव्हीची डायरी सापडली तर पुढं काय करायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुणाच्या घरातलं माणूस लढाईला गेलेलं म्हटलं की सगळे बेळगावच्या मराठा सेंटरकडंच, म्हणजे मराठा लाईट इन्फंट्रीच्या केंद्राकडंच, बोट दाखवतात, त्यामुळं नेव्हीतला माणूससुद्धा घरच्या गप्पांत हळूहळू फौजेतला होऊन जातो आणि मग "इटलीला जाऊन आला", "जपान्याचं जहाज बुडवलं" असं काय काय त्याच्या नावावर चढत जातं. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत असलेल्या कुणाची डायरी ट्रंकेत मिळाली तर ह्या गोष्टी थोडे दिवस बाजूला ठेवा, डायरी काय सांगूलालीय तेवढंच बघा.

आधी फोटो. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता, कव्हरपासून शेवटच्या पानापर्यंत सगळे, कारण सर्व्हिस नंबर, पत्ते, उधारी हे असलं बहुतेक मागच्या पानांवरच खरडलेलं असतं. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच नको. काही भाग मोडीत असेल तर वाचणाऱ्याला फोटो पाठवा, वही घरातून बाहेर काढू नका.

मग एक्सेलमध्ये नाहीतर साध्या वहीत तक्ता करा. तारीख, डायरीतले शब्द जसेच्या तसे, जहाज, ठिकाण, आणि शेवटचा रकाना 'कशावरून'. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला तर त्या ओळीवर विश्वास ठेवायचा नाही, मग काका काहीही म्हणोत.

ठिकाणाचं नाव बहुतेक पानांवर मिळणारच नाही. जहाज कुठं चाललंय हे लिहायची मुभा नव्हती, घरी पाठवलेली पत्रंसुद्धा सेन्सॉर व्हायची, म्हणून माणूस लिहितो "समुद्र खवळलेला, मिडल वॉच, जेवण गेलं नाही" आणि आपल्याला वाटतं ह्यात काय ठेवलंय. पण मिडल वॉच म्हणजे रात्री १२ ते ४ ची पाळी, म्हणजे त्या दिवशी जहाज समुद्रात होतं हे तरी कळलं. आणि आपल्याकडच्या माणसाची डायरी असेल तर इंग्रजी तारखेपेक्षा सण जास्त असतात, दिवाळी, आषाढी, यल्लम्माची पौर्णिमा. त्या सालचं पंचांग काढा, तिथीवरून तारीख निघते. आता बघा, १९४२ ची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होती आणि ११ नोव्हेंबरला हिंदी महासागरात एचएमआयएस (म्हणजे रॉयल इंडियन नेव्हीचं जहाज) बंगाल हे छोटं जहाज आणि ओंदिना हा डच टँकर, ह्या दोघांनी दोन मोठ्या जपानी जहाजांशी झुंज दिली, त्यातलं होकोकू मारू बुडालं. तेव्हा डायरीत दिवाळी झाल्या झाल्या गोळाबाराची नोंद असेल तर आधी बंगालचं नाव शोधा, पण नोंद नसेल तर उगीच आज्ज्याला बंगालवर चढवू नका.

जहाजाच्या नावात सगळे फसतात. तलवार, बहादूर, हिमालय, चमक, मछलीमार ही नावं दिसली की वाटतं काय भारी जहाजं, पण ह्या सगळ्या जमिनीवरच्या जागा होत्या. तलवार मुंबईतली सिग्नल स्कूल, मछलीमार वर्सोव्याला, बाकी तीन कराचीला. तिथं काढलेले महिने ट्रेनिंगचे धरायचे. आणखी गंमत म्हणजे पंजाब, बॉम्बे अशा नावांची खरी जहाजं पण होती, त्यामुळं "बॉम्बेवर आलो" लिहिलंय का "बॉम्बेला आलो" हे भिंग लावून बघा.

तक्ता भरला की पक्क्या तारखा लावून बघायच्या. १४ एप्रिल १९४४ मुंबई डॉकचा स्फोट, १८ फेब्रुवारी १९४६ तलवारवरनं सुरू झालेलं नाविकांचं बंड. त्या दिवशी मुंबईत असलेला माणूस ह्याबद्दल एक ओळ तरी लिहिल्याशिवाय राहत नाही. इटलीची गोष्ट तपासायची असेल तर जमुना आणि सतलज ही जहाजं जुलै १९४३ मध्ये इटलीच्या सिसिली बेटावरच्या मोहिमेत होती, ब्रह्मदेशाची असेल तर १९४५ च्या जानेवारीतल्या आराकान किनाऱ्यावरच्या नोंदी बघा, तिथं जमुनाबरोबर नर्बदा होती.

घरात मेडल असतील तर घासून चकाचक करू नका आधी, कडेवर आणि मागच्या बाजूला नंबर आणि नाव कोरलेलं असण्याची शक्यता असते. मेडल इटलीच्या मोहिमेचं इटली स्टार आहे की ब्रह्मदेशाचं बर्मा स्टार, एवढ्यावरनं सुद्धा निम्मं भांडण मिटतं.

कागद मागायचे तर खलाशांचं रेकॉर्ड सांभाळणारं ब्युरो ऑफ सेलर्स मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पात आहे, तिकडं नंबर, पूर्ण नाव, भरतीचं साल आणि तुम्ही वारस असल्याचा पुरावा जोडून अर्ज टाका, आधी बेळगावच्या सैनिक कल्याण ऑफिसात एकदा विचारून घेतलं तर बरं. युद्धात समुद्रात मरण पावलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साईटवर फुकट शोधता येतं. फक्त पत्ता जुना लिहा. तेव्हा हा भाग मुंबई इलाख्यात होता, चंदगड तालुकासुद्धा १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच, त्यामुळं आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेल्या गावचा माणूस कागदावर बेळगावचा निघतो. इंग्रजीत शोधताना नावाची आणि गावाची तीन-चार स्पेलिंगं करून बघा, कारकुनानं कानाला येईल तसं लिहिलेलं असतं.