मॅचमधला सट्टा ओळखा, आणि घराबाहेर ठेवा

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद या कायद्याने निकालात काढला. पैसे लावून पैसे जिंकायचे असतील, तर दोन्हीला बंदी. अशा खेळाची जाहिरात केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. टीम इंडियाच्या जर्सीवरून ड्रीम११ गेलं, आशिया चषकात खेळाडू कोऱ्या जर्सीत उतरले आणि काही आठवड्यांतच अपोलो टायर्स आलं. 'या जाहिराती गेल्या तर क्रिकेट चालणार कशावर?' असं म्हणणाऱ्यांना हे एवढं उत्तर पुरेसं आहे.

तरी घरातला धोका टळलेला नाही. परदेशातून चालणारे सट्ट्याचे अड्डे या कायद्याच्या आधीही बेकायदाच होते, आणि तरीही जाहिरात करत होते. ती वेषांतर करून येते, म्हणून आधी वेष ओळखायला शिका.

वेष कसा ओळखायचा

सर्वांत जुनी युक्ती म्हणजे बातम्यांचं संकेतस्थळ. सट्ट्याच्या ॲपच्या नावापुढे 'न्यूज' किंवा 'स्पोर्ट्स' जोडायचं, लोगो आणि रंग तेच ठेवायचे आणि जाहिरात 'बातम्यांची' आहे असं दाखवायचं. ३ ऑक्टोबर २०२२ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना आणि डिजिटल माध्यमांना याच प्रकाराबद्दल ताकीद दिली. फेअरप्ले, परीमॅच, बेटवे, वुल्फ ७७७ आणि वनएक्सबेट ही नावं त्यात होती. दुसरी युक्ती कपड्यांची: टी-शर्ट किंवा टोपीचा ब्रँड म्हणून तेच नाव मिरवायचं.

तपासायला दोन मिनिटं लागतात. टी-शर्टची जाहिरात असेल तर तो टी-शर्ट कुठल्या दुकानात, किती रुपयांना मिळतो ते शोधा. किंमतच सापडत नसेल तर विकायचं आहे ते वेगळंच आहे. बातम्यांचं संकेतस्थळ असेल तर आजच्या तारखेची बातमी, संपादकाचं नाव आणि कार्यालयाचा पत्ता बघा. हा शोध घरातल्या मुलाच्या फोनवर करू नका. एकदा ते नाव शोधलं की पुढचे कित्येक दिवस त्याच जाहिराती मागे लागतात. पडद्यावरचा क्यूआर कोडही स्कॅन करू नका. तो बहुधा टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपच्या गटात नेऊन सोडतो.

भाषेवरूनही कळतं. 'आयडी घ्या', 'पैसे लगेच खात्यात', 'पहिल्या डिपॉझिटवर बोनस', '२४ तास सेवा' हे शब्द बुकीच्या धंद्याचे आहेत. 'आयडी' म्हणजे सट्टा लावायचं खातं. बातम्या वाचायला आयडी विकत घ्यावा लागत नाही.

परदेश दौऱ्यातल्या सामन्यांत सीमारेषेवरच्या फलकांकडे मुद्दाम बघा. तिथे सट्टा कायदेशीर असेल तर फलकावर तेच नाव असतं आणि ते चित्रासोबत थेट आपल्या दिवाणखान्यात येतं. एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा: पडद्यावर 'जिंकण्याची शक्यता ६२ टक्के' असं दिसतं, तो सट्टा नव्हे. तिथे दोन्ही संघांची बेरीज १०० येते. बुकीचा भाव (जिंकल्यास किती पट परत मिळेल तो आकडा) टक्क्यांत मांडला तर दोन्ही संघांची बेरीज १०० च्या वर जाते आणि त्याची कमाई त्या वरच्या भागातच असते.

'थोडंसं लावलं तर मजा येते' म्हणणाऱ्यासाठी हिशेब

अशा माणसाला उपदेश करून काही होत नाही. कागद-पेन्सिल घ्या. दोन तुल्यबळ संघ, दोघांचाही भाव १.९०. म्हणजे १०० रुपये लावले आणि संघ जिंकला तर १९० परत. १ भागिले १.९० म्हणजे ५२.६३ टक्के. दोन्ही संघांची बेरीज १०५.२६. खरी शक्यता ५०-५० असताना दर १०० रुपयांमागे सरासरी ९५ परत येतात. पाच रुपये बुकीचे, सामना कोणीही जिंको.

आता हंगाम लावा. २०२५ च्या आयपीएलमध्ये ७४ सामने झाले. प्रत्येकावर एकदाच २०० रुपये लावले तर उलाढाल १४,८०० ची आणि सरासरी तोटा ७४० रुपयांचा. इथवर 'सिनेमाला जाण्याइतका खर्च' हा युक्तिवाद टिकतो. पण एका सामन्यात एकदाच लावून थांबणारा माणूस विरळा. सामन्याचा निकाल, सहा षटकांचं सेशन (तेवढ्या षटकांत किती धावा होतील यावरचा सट्टा), दहा षटकांचं सेशन, एखाद्या फलंदाजाच्या धावा, पुढच्या डावात पुन्हा सेशन असं मिळून सहा वेळा लावलं, की उलाढाल ८८,८०० वर जाते आणि तोटा ४,४४० वर. हरलेलं भरून काढायला रक्कम दुप्पट करणारा तर या हिशेबात धरलेलाच नाही. आणि ही पाच टक्के वजावट सौम्य आहे. चेंडू-चेंडूच्या सट्ट्यात ती जास्त असते, कारण तिथला भाव तपासायला खेळणाऱ्याला वेळच मिळत नाही.

दुसरा मुद्दा उशिराचा. मैदानात पडलेला चेंडू टीव्हीवर काही सेकंदांनी दिसतो, मोबाईलवर त्याहूनही उशिरा. शेजारच्या घरातून 'आउट!' असा ओरडा आधी ऐकू येतो आणि आपल्या फोनवर गोलंदाज अजून धावतच असतो, हे सगळ्यांनी अनुभवलं आहे. तेवढ्या वेळात मैदानात फोन कानाला लावून बसलेल्या माणसाने निकाल कळवलेला असतो आणि भाव बदललेला असतो. घरी बसून थेट सामन्यावर लावणारा झालेल्या चेंडूवर पैसे लावत असतो.

फोन आणि टीव्ही

गूगल खात्यात 'माय ॲड सेंटर' उघडा, संवेदनशील विषयांत जा आणि जुगाराचा विषय बंद करा. घरातल्या प्रत्येक खात्यावर हे वेगळं करावं लागतं. यूट्यूबवर फरक पडतो, पण ही फक्त गूगलच्या जाहिरातींपुरती सोय आहे.

जास्त उपयोगाचं काम अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये आहे. सट्ट्याची बहुतेक ॲप प्ले स्टोअरवर नसतात. ती एपीके, म्हणजे ॲप थेट फोनमध्ये बसवणारी फाइल म्हणून टेलिग्राम, व्हॉट्सॲप किंवा ब्राउझरमधून येतात. 'अनोळखी ॲप इंस्टॉल करण्याची परवानगी' शोधा आणि क्रोम, व्हॉट्सॲप, टेलिग्राम, फाइल मॅनेजर या सगळ्यांची परवानगी काढा. एकाची राहिली तर सगळं व्यर्थ.

त्यानंतर डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा. ती बदलली की नको ती संकेतस्थळं अडवता येतात. नेक्स्टडीएनएसवर खातं उघडा. महिन्याला ३ लाख विचारणांपर्यंत ते फुकट आहे. पालक नियंत्रणात जुगाराचा वर्ग अडवा, मग तिथे मिळालेले पत्ते फोनच्या 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये आणि जमल्यास वायफाय राउटरमध्ये भरा. राउटरमध्ये भरला की स्मार्ट टीव्हीही त्यात येतो. ज्याला स्वतःलाच लांब राहायचं आहे त्याच्यासाठी बेटब्लॉकर हे फुकट ॲप बरं. मुदत २४ तासांपासून पाच वर्षांपर्यंत निवडता येते आणि मुदतीआधी बंद करणं मुद्दाम अवघड ठेवलेलं आहे.

हे फसतं कुठे? मोबाईल डेटावर गेलं की राउटरची भिंत संपते. व्हीपीएन चालू केलं की फोनचीही. सट्टेवाले पत्ते सतत बदलतात, त्यामुळे नवा पत्ता यादीत यायला वेळ लागतो. आणि स्ट्रीमिंगमध्ये चित्रातच शिवून येणारी जाहिरात किंवा सीमारेषेवरचा फलक कुठलाही डीएनएस अडवू शकत नाही. तिथे तक्रारच करावी लागते.

तक्रार कशी करायची

'जाहिरात दिसली' एवढ्यावर काही होत नाही. वाहिनी किंवा ॲप, सामना, तारीख, डाव आणि षटक, घड्याळातली वेळ आणि पडद्याचा फोटो, एवढं हवंच. फोटोत सामन्याचा धावफलक आला तर उत्तम, कारण वेळ नाकारता येत नाही.

जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे एएससीआयकडे, व्हॉट्सॲपवर ७७१००१२३४५ या क्रमांकावर तक्रार करता येते. पैसे पडत नाहीत. त्यासोबतच वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. २०२१ च्या केबल टीव्ही नियमांनुसार वाहिनीने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. मुदत उलटली तर वरच्या पायरीवर, म्हणजे वाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे जाता येतं. पोच जपून ठेवा, पुढच्या पायरीवर पहिल्यांदा तीच मागतात.

गल्लीतला पडदा आणि गावची स्पर्धा

टेनिस-बॉलच्या स्पर्धा आता यूट्यूबवर थेट दिसतात. प्रायोजक शोधताना आयोजकांची दमछाक होते आणि नेमका तेव्हाच अनोळखी ॲपचा माणूस मंडपाचं भाडं, ट्रॉफी, कॅमेरा सगळं उचलायला तयार होतो. त्याच्याकडे कंपनीचं नोंदणीपत्र आणि जीएसटी क्रमांक मागा आणि पैसे कंपनीच्याच खात्यातून घ्या. कोणा तिसऱ्याच व्यक्तीच्या खात्यातून रक्कम येत असेल तर परत पाठवा. नव्या कायद्याने जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे, बॅनर तुमच्या मंडळाच्या नावाने लागलेला असतो.

आपल्या स्पर्धेवर कोण कशाला पैसे लावेल, असं वाटू देऊ नका. २०२२ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावी शेतमजुरांना जर्सी घालून खोटी आयपीएल खेळवली गेली, यूट्यूबवर दाखवली गेली आणि रशियात बसलेले लोक तिच्यावर पैसे लावत होते. थेट प्रक्षेपण असलेला कुठलाही सामना सट्ट्याला चालतो.

म्हणून सीमारेषेवर एक माणूस नेमा. सतत फोन चालू ठेवून प्रत्येक चेंडूनंतर एकसुरी आवाजात 'डॉट, एक, चौका' असं बोलणारा प्रेक्षक त्याने हेरायचा. यूट्यूबच्या थेट गप्पांमध्ये लिंक अडवण्याची सोय चालू करा आणि अडवायच्या शब्दांत 'आयडी', 'सेशन', 'भाव' घाला. हेच शब्द इंग्रजी लिपीतही घाला, कारण बहुतेक टोळ्या तसंच लिहितात.

घरात कोणी आधीच अडकलं असेल तर

खूण खेळ बघण्याच्या पद्धतीत दिसते. संघ जिंकतोय तरी चेहरा पडलेला. सहाव्या षटकाच्या शेवटच्या चेंडूवर निघालेल्या एका साध्या धावेवर संताप. रात्री तीन वाजता कुठल्याशा अनोळखी लीगचा सामना. पकडलेल्या-सुटलेल्या प्रत्येक झेलावर 'फिक्स आहे सगळं' ही तक्रार.

मग यूपीआयचा हिशेब बघा, त्याला समोर बसवून. चोरून बघितलात तर पुढचं बोलणंच संपतं. संध्याकाळी साडेसात ते साडेअकराच्या दरम्यान ५००, १०००, २००० अशा गोल रकमा, दर वेळी वेगळ्याच व्यक्तीच्या नावावर गेलेल्या दिसतात. ती भाड्याने घेतलेली खाती असतात. उलट बाजूने बघा: मुलाच्या खात्यात अनोळखी लोकांकडून पैसे येऊन लगेच पुढे जात असतील तर त्याचंच खातं भाड्याने गेलं आहे. ते खातं गोठतं आणि पोलिसांची नोटीस खातेदाराला येते. बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा.

फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. नव्या कायद्यात शिक्षा चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांचा व्यवहार पुरवणाऱ्याला आहे, नुसत्या खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे भीतीपोटी फोन टाळू नका. सवय सुटत नसेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. तिथे फुकट आणि मराठीतही बोलता येतं.

कर्ज झालं असेल तर पूर्ण रक्कम रोख त्याच्या हातात देऊ नका. त्याच रात्री ती 'भरून काढायला' जाते. कोणाचे किती द्यायचे याची यादी करा, पैसे घरातल्या दुसऱ्याने थेट ज्याचे त्याला द्या आणि बँकेच्या ॲपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा त्याच्याच हाताने कमी करून घ्या.

मेलबर्न किंवा लंडनला असलेल्या मुलाबद्दल काळजी असेल तर तिथे सट्टा कायदेशीर आहे हे धरून चाला. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०१९ पासून रात्री नऊच्या आधीच्या थेट सामन्यांत सट्ट्याच्या जाहिराती थांबवल्या आहेत, पण फलक आणि जर्सी त्यातून सुटल्या. तिथे गॅमस्टॉप आणि ऑस्ट्रेलियात बेटस्टॉप या स्वतःला सट्ट्यापासून अडवून घेण्याच्या यादीत नाव नोंदवलं की परवानाधारक कंपन्यांना त्याचं खातं बंद ठेवावं लागतं. गॅमस्टॉपची किमान मुदत सहा महिने, बेटस्टॉपची तीन. नोंदणी मात्र त्याने स्वतःच करायची असते, आईवडिलांना इथून करता येत नाही. व्हिडिओ कॉलवर सोबत बसून करून घ्या.