नव्या वर्डप्रेस साइटवर ४०४ येतोय? दोष नेमका कुठे आहे ते असं शोधा

स्वतःच्या सर्व्हरवर वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) टाकलं, होमपेज व्यवस्थित उघडलं, आणि ‘आमच्याविषयी’वर क्लिक करताच ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ हा संदेश. नव्या साइटवर हे सर्रास होतं. वैतागून बरेच जण सगळं पुसतात आणि पुन्हा इन्स्टॉल करतात. कृपा करून तसं करू नका. दोष बहुतेक वेळा वर्डप्रेसमध्ये नसतोच, तो सर्व्हरच्या सेटिंगमध्ये असतो. वर्डप्रेस दहादा टाकलं तरी ते सेटिंग जागचं हलत नाही.

४०४ ही तशी चांगली बातमीही आहे. सर्व्हरपर्यंत तुमची मागणी पोहोचली आणि त्याने उत्तर दिलं, एवढं त्यातून पक्कं कळतं. म्हणजे डीएनएस (डोमेनवरून सर्व्हर शोधून देणारी यंत्रणा) आणि फायरवॉल (नको त्या मागण्या अडवणारी यंत्रणा) यांच्यामागे सहसा लागायची गरज नाही. ४०३ आला असता तर परवानग्या तपासायच्या होत्या आणि ५०० आला असता तर बिघडलेला कोड किंवा कॉन्फिगरेशन. इथे प्रश्न एकच: मागितलेली गोष्ट सर्व्हर कुठे शोधतोय?

खालच्या पायऱ्या उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आणि अपाची (ब्राउझरला पानं पुरवणारं वेब सर्व्हर सॉफ्टवेअर) धरून लिहिल्या आहेत. एनजिनएक्स हे तशाच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर, त्यासाठी वेगळा भाग आहे.

पायरी १: ४०४ कोण म्हणतंय ते बघा

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी हीच लोक गाळतात. ४०४चं पान नीट न्याहाळा.

पांढऱ्या पानावर ठळक ‘नॉट फाउंड’ आणि तळाशी अपाचीचं नाव व पोर्ट क्रमांक दिसत असेल, तर मागणी वर्डप्रेसपर्यंत पोहोचलीच नाही. अपाचीने ती दारातूनच परत पाठवली. याउलट साइटचा हेडर, मेनू, शोधपेटी सगळं दिसतंय आणि मधोमध ‘पान सापडलं नाही’ असं आहे, तर उत्तर वर्डप्रेसने दिलं आहे. मग अपाचीला हात लावायचं कारण नाही, सरळ पायरी ४ला जा. तिसरा प्रकार म्हणजे कोऱ्या पानावर ‘फाइल नॉट फाउंड.’ एवढी एकच ओळ. ती पीएचपी-एफपीएमकडून, म्हणजे वर्डप्रेसचा पीएचपी कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडून येते. सर्व्हर त्याला चुकीच्या ठिकाणची पीएचपी फाइल चालवायला सांगतो आहे, असा तिचा अर्थ.

ही तपासणी प्रायव्हेट विंडोमध्ये करा. ब्राउझर जुनी रीडायरेक्ट लक्षात ठेवतो आणि मग दुरुस्ती होऊनही ती झालेली दिसत नाही.

पायरी २: सर्व्हर योग्य फोल्डरात बघतोय का?

वर्डप्रेसच्या मुख्य फोल्डरात, जिथे इंडेक्स.पीएचपी आहे तिथेच, एक साधी टेक्स्ट फाइल तयार करा. नाव इंग्रजी लहान अक्षरांत ठेवा, आत एखादा शब्द लिहा आणि डोमेनपुढे ते नाव जोडून ब्राउझरमध्ये उघडा.

शब्द दिसला तर फोल्डर बरोबर आहे, पुढच्या पायरीवर जा. ही साधी फाइलसुद्धा ४०४ देत असेल, तर सर्व्हर भलत्याच फोल्डरात शोधतोय. झिप उलगडताना सगळ्या फाइली ‘वर्डप्रेस’ नावाच्या आतल्या फोल्डरात राहिल्या आहेत का, ते आधी बघा. नसतील तर साइटच्या कॉन्फिगरेशन फाइलमधली ‘डॉक्युमेंटरूट’ची, म्हणजे साइटचं फोल्डर सांगणारी ओळ अक्षर न् अक्षर तपासा. लिनक्सला इंग्रजी लहान आणि मोठी अक्षरं वेगळी वाटतात. विंडोजवर एक्झॅम्पमध्ये (स्वतःच्या संगणकावर साइट चालवून बघायचा संच) नीट चालणारी साइट इकडे आणली की काही चित्रं गायब होतात, त्यामागे बहुधा हेच असतं.

आणखी एक चकवा. आलेल्या डोमेनशी एकही व्हर्च्युअल होस्ट (एका साइटची अपाचीतली नोंद) जुळला नाही, तर अपाची यादीतला पहिला होस्ट वापरतो. उबुंटूवर तो बहुधा मूळचा डिफॉल्ट होस्ट असतो. म्हणून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लावता साइट चालते आणि लावलं की ४०४ येतो. ‘सर्व्हरअलायस’मध्ये, म्हणजे साइटची इतर नावं देणाऱ्या ओळीत, ते दुसरं रूप लिहायचं राहिलेलं असतं. एचटीटीपीवर चालणारी आणि एचटीटीपीएसवर ४०४ देणारी साइटही याच जातीची. एचटीटीपीएससाठीचा पोर्ट ४४३चा होस्ट वेगळा असतो आणि त्याचं फोल्डरही वेगळंच दिलेलं असू शकतं. ‘अपाची२सीटीएल’ हा आदेश मोठ्या एसच्या पर्यायासह चालवला की कोणतं डोमेन कोणत्या फाइलकडे जातंय, याची यादी समोर येते.

पायरी ३: रीराइट

होमपेज चालतं आणि आतली सगळी पानं अपाचीचा ४०४ देतात, तेव्हा दोष जवळजवळ नक्की इथे असतो.

‘आमच्याविषयी’ नावाची फाइल किंवा फोल्डर डिस्कवर कुठेच नसतं. त्या नावाचं काही सापडलं नाही तर मागणी इंडेक्स.पीएचपीकडे द्यायची, असा नियम वर्डप्रेस डॉट-एचटीॲक्सेस या फाइलमध्ये लिहून ठेवतं. पुढचं काम इंडेक्स.पीएचपी करतं. अपाचीने तो नियम वाचलाच नाही, तर तो फाइल शोधतो, ती मिळत नाही, आणि ४०४ येतो.

खात्री करायची तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधल्या परमालिंकमध्ये (पानांचे पत्ते कसे दिसावेत ते ठरवणारं पान) ‘साधा’ हा पर्याय निवडून जतन करा. आता सगळी पानं उघडली तर निदान पक्कं. पण तिथेच थांबू नका. प्रश्नचिन्ह आणि आकड्यांचे पत्ते वाचकाला काहीच सांगत नाहीत. आधीचा पर्याय परत निवडा आणि मूळ दोष काढा.

तीन गोष्टी लागतात. पहिली, रीराइट मॉड्यूल, म्हणजे असे नियम पाळणारा अपाचीचा भाग. ते ‘ए२एनमॉड’ आदेशाने सुरू होतं आणि त्यानंतर अपाची रीस्टार्ट करावा लागतो. दुसरी, ‘अलाउओव्हरराइड’. अपाची २.४मध्ये याचं मूळ मूल्य ‘नन’ असतं, म्हणजे डॉट-एचटीॲक्सेस वाचायचीच नाही. मॉड्यूल सुरू करूनही ४०४ हटत नाही, तो यामुळे. तुमच्या साइटच्या कॉन्फिगरेशनमध्ये तिच्या फोल्डरासाठी डिरेक्टरी ब्लॉक लिहा आणि त्यात हे मूल्य ‘ऑल’ करा. अख्ख्या सर्व्हरला लागू होणाऱ्या मुख्य फाइलमध्ये बदलण्यापेक्षा हे बरं. त्यानंतर ‘अपाची२सीटीएल’ची कॉन्फिगटेस्ट (कॉन्फिगरेशनची तपासणी) चालवा आणि ‘सिंटॅक्स ओके’ आलं की अपाची रीलोड करा.

तिसरी गोष्ट, ती फाइल जागेवर आहे का. नाव टिंबाने सुरू होत असल्यामुळे ती लपलेली असते आणि साइट हलवताना हमखास मागे राहते. परमालिंकच्या पानावर काहीही न बदलता फक्त जतन करा, वर्डप्रेस ती पुन्हा लिहितं. लिहायची परवानगी नसेल तर हवा तो मजकूर त्याच पानाच्या तळाशी दाखवतं, तो हाताने चिकटवा.

एनजिनएक्स असेल तर

एनजिनएक्स डॉट-एचटीॲक्सेस वाचतच नाही, त्यामुळे त्या फाइलशी खटपट करून काही होणार नाही. उबुंटूच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये ‘ट्राय-फाइल्स’च्या ओळीत शेवटी बरोबरच्या चिन्हापुढे ४०४ लिहिलेला असतो. फाइल नाही, फोल्डर नाही, तर ४०४ दे, असा त्याचा अर्थ. त्या शेवटच्या तुकड्याच्या जागी इंडेक्स.पीएचपी आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह लावून ‘आर्ग्ज’ हे चल घाला. तपासणी करून रीलोड करा.

पायरी ४: ४०४ वर्डप्रेसचाच असेल तर

पान मसुदा म्हणून पडून नाही ना आणि कचरापेटीत गेलं नाही ना, हे आधी बघा. नवा प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा जादा भाग) टाकल्यावर फक्त त्याचीच पानं हरवली असतील, तर परमालिंक पुन्हा जतन करा. नियमांची यादी ताजी होते आणि बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

मराठी शीर्षकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. वर्डप्रेस देवनागरी पत्ता टक्क्यांच्या चिन्हांत बदलून साठवतं आणि त्या रकान्यात २०० अक्षरंच मावतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्तसुद्धा, तिथे ९ जागा घेतं. एकट्या ‘महाराष्ट्रातील’ या शब्दात १४ चिन्हं, म्हणजे १२६ जागा संपल्या. लांब शीर्षकाचा पत्ता मध्येच कापला जातो आणि शीर्षकावरून अंदाजाने हाताने लिहिलेला दुवा त्याच्याशी जुळत नाही. पत्ता आपणच दोन-तीन शब्दांचा ठेवा आणि दुवा नेहमी ब्राउझरमधून कॉपी करा.

४०४ टाळायला सगळे चुकीचे पत्ते होमपेजकडे वळवणारे प्लगइन मिळतात. ते वापरू नका. वाचकाला हवं ते मिळत नाही आणि तुमचा दोष मात्र झाकून राहतो.

पायरी ५: लॉग बघा

एवढं करूनही सुटलं नाही तर अपाचीचा ॲक्सेस लॉग (आलेल्या प्रत्येक मागणीची नोंदवही) ‘टेल’ या आदेशाच्या लहान एफ पर्यायाने उघडा ठेवा आणि ब्राउझरमध्ये ते पान ताजं करा. नवी ओळ येते. तिच्यात मागितलेला पत्ता आणि त्यानंतर ४०४ हा आकडा असतो. पत्ता तुम्हाला वाटतो तोच आहे का, मध्ये एखादं फोल्डर जास्तीचं घुसलंय का, ते इथे स्पष्ट दिसतं. ओळ आलीच नाही, तर मागणी दुसऱ्याच होस्टकडे किंवा दुसऱ्याच सर्व्हरकडे जातेय. मग पायरी २कडे परत.

लॉगमध्ये तुम्ही कधीच न बनवलेल्या पत्त्यांचे ४०४ही दिसतील: डेटाबेसची ॲडमिन पानं, जुन्या बॅकअपची नावं, कुठल्या तरी प्लगइनच्या फाइली. साइट इंटरनेटवर आली की कमकुवत जागा शोधणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) हे पत्ते ठोठावत राहतात. तिथे ४०४ हेच बरोबर उत्तर आहे, त्या ओळी दुरुस्त करायच्या नाहीत.